कासचीं फुलें आणि त्यांची मोजदाद

भाद्रपदांत तेरड्याची गौर घरीं आणणाऱ्या आमच्या वाचकभगिनींना तेरडा परका नाहीं. परंतु त्याच कुळांतील एक ठेंगणा तेरडा साताऱ्यापासून सुमारें २५ किलोमीटरांवरील कासच्या पठारावर जांभ्या खडकाला धरून उगवतो आणि सह्याद्रीबाहेर तो आढळत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

असें पठार म्हणजे एक प्रकारचें बेटच होय. भोंवतीं समुद्र नाहीं इतकेंच. उतारावर रान, खालीं शेतें, आणि माथ्यावर मात्र वीतभर माती, पावसाळ्यांत तुंबलेलें पाणी व उन्हाळ्यांत तापलेला कातळ. तेथें तगावयास शिकलेलें झाड खालच्या जमिनींत सहसा रुजत नाहीं. मातींत नत्राचा अंश थोडा, म्हणून दवबिंदु आणि सीतेचीं आसवें या चिमुकल्या वनस्पति किडेमुंग्या धरून उदरनिर्वाह करितात! वायतुरा पावसाळा सरल्यावर कंदरूपानें जमिनींत निजून राहतो. त्यास शास्त्रीय नांव मिळालें १९८२ सालीं, व त्यांत साताऱ्याचेंच नांव गुंफलेलें आहे. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत निघाला. त्यानंतर हें नांव पडावयास पाऊण शतक लागलें. ज्याला नांवच नाहीं तें झाड नष्ट झालें तरी त्याचें सोयरसुतक कोणास?

२०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटांतील ३९ स्थळें जागतिक वारशांत घेतलीं. त्यांत कास आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी यांच्या सीमेवरील चांदोलीचें राष्ट्रीय उद्यानहि आहे. मान मिळाला तशी कासला गर्दी लोटली. फुलें तुडविलीं जाऊं नयेत म्हणून कुंपण घालण्यांत आलें, पण त्यामुळें गुरांचें चरणेंहि थांबलें. गवत माजून ठेंगण्या फुलांना ऊन मिळेनासें झालें, अशी तक्रार गांवकरी व कांहीं अभ्यासक करूं लागले. आम्हांस ती खरी वाटते. जेथें पिढ्यान् पिढ्या गुरें चरलीं आणि तरीहि फुलें टिकलीं, तेथें गुराखी एकाएकीं शत्रु कसा ठरावा?

तथापि हा वाद वाटण्या-न वाटण्यानें मिटणारा नव्हे. चांदोलींतील गांवें उठविलीं गेलीं. झोळंबीच्या सड्यावर आतां गवे फिरतात, गांवचीं गुरें नाहींत. कास व झोळंबी या दोन्हीं ठिकाणीं ठराविक चौकटी आंखून दर पावसाळ्यांत त्यांतील प्रत्येक रोप मोजलें तर चराईचा परिणाम उघड दिसूं लागेल. मात्र दोनतीन वर्षांच्या हिशेबावर कोणीं निकाल देऊं नये. टोपली कारवी बहुधा सात वर्षांनीं एकदांच फुलते. तिचे दोन बहर पाहावयाचे म्हटलें तरी चौदापंधरा वर्षें वही चालू ठेवावी लागेल.