पॅकेज कळलं, बॉसचं काय?

2024 मध्ये पुण्यातल्या एका तरुण सीएच्या मृत्यूनंतर तिच्या आईचं कंपनीला लिहिलेलं पत्र व्हायरल झालं. चर्चा कामाच्या तासांवरच अडकली. पण काम झेपत नाही, हे टीममध्ये बोलता तरी येतं का? हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्स तपासल्या, तर चांगल्या टीम्समध्येच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या! म्हणजे तिथे चुका जास्त होत नव्हत्या, लपवल्या जात नव्हत्या. गुगलनेही 180 टीम्स अभ्यासल्या. टीममध्ये कोण आहे यापेक्षा मोकळं बोलता येतं का, हेच महत्त्वाचं ठरलं. आपण मात्र प्लेसमेंटला पॅकेजच विचारतो. तिथे लागलेल्या एखाद्या सीनियरला गाठा आणि विचारा, शेवटची चूक झाली तेव्हा बॉस काय म्हणाला?