थोडा उजेड, पुष्कळ अंधार



शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मोबाइलवर लहानसा चित्रपट तयार करण्याची आवड आता आपल्या वाशीम जिल्ह्यातही रुजली आहे. मुलांना भुताची गोष्ट फार आवडते. पूर्ण चित्रपट काढणे जमत नाही, म्हणून ती दोन मिनिटांचा ट्रेलर काढतात. असे काही ट्रेलर मी पाहिले आहेत. त्यांत रात्र असते; पण मंडपवाल्याकडून आणलेले दोन हॅलोजन दिवे इतके प्रखर असतात, की भिंतीवरचा चुन्याचा पोपडासुद्धा स्पष्ट दिसतो. मग पांढरी साडी नेसलेली, केस मोकळे सोडलेली, तोंडाला काजळ फासलेली एखादी म्हातारी धावत येते. पाहणारे घाबरत नाहीत, हसतात.

मुले म्हणतात, "सर, आमच्याजवळ पैसे नव्हते." मला हे पटत नाही. माझ्या मते त्यांच्याजवळ उजेड जास्त होता.

असे पाहा. दोरीवर वाळत घातलेला सदरा दिवसा सदराच असतो. मगरिबनंतर तोच सदरा अंगणात हलला, की क्षणभर छातीत धस्स होते. सदरा तोच असतो, उजेड मात्र कमी झालेला असतो. अर्धवट दिसलेली वस्तू आपले मन स्वतःच पूर्ण करते, आणि मनाने काढलेले चित्र कोणत्याही मुखवट्यापेक्षा भयंकर असते.

1949 साली मुंबईच्या बॉम्बे टॉकीजने 'महल' हा चित्रपट काढला. त्याचे दिग्दर्शक कमाल अमरोही. त्यांचे नाव तुम्ही घरी ऐकले असेल. छायाचित्रण जोसेफ विर्शिंग या जर्मन गृहस्थांचे होते. वादळी रात्री नायक एका ओस पडलेल्या हवेलीत येतो. तेथे झोपाळ्यावर बसलेली एक स्त्री दिसते न दिसते, आणि नाहीशी होते. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ती स्त्री कोण? मधुबाला! तिच्या तोंडाला कोणी काजळ फासले नव्हते. शेवटी तर ती भूतही नाही असे कळते. काळोख, सावल्या आणि मोजका उजेड एवढ्यावर सारी भीती उभी आहे. सुंदर चेहऱ्यानेही माणूस घाबरतो, हे ज्याला समजले त्याला मुखवटा विकत आणावा लागत नाही.

त्याच्याही आधी, 1922 साली, जर्मनीत मुर्नाव या दिग्दर्शकाने 'नोस्फेरातू' नावाचा मूकपट काढला. त्यात रक्तपिपासू राक्षस जिना चढतो, पण आपल्याला दिसते ती फक्त भिंतीवरून सरकणारी त्याची सावली. लांब बोटांची, वाकलेली. शंभर वर्षांनंतरही ती सावली लोक विसरलेले नाहीत.

ही सावली तुम्हीही पाडू शकता. शाळेचा जिना घ्या. बाकीचे दिवे बंद करा. एक लहान बल्ब किंवा टॉर्च खाली ठेवा आणि मित्राला दिवा व भिंत यांच्यामध्ये उभे करा. तो दिव्याच्या जवळ सरकेल तशी सावली मोठी होईल, भिंतीकडे जाईल तशी लहान होईल. ट्यूबलाइट मात्र येथे उपयोगाची नाही. तिचा उजेड लांबलचक नळीतून येतो, म्हणून सावलीच्या कडा पुसट होतात. हनुवटीखाली टॉर्च धरण्याची युक्ती सर्वांना माहीत आहे. आपण चेहरे नेहमी वरून येणाऱ्या उजेडात पाहतो, म्हणून खालून उजेड आला की ओळखीचा चेहराही परका वाटतो. पण ही युक्ती आता इतकी झिजली आहे, की मी तरी ती वापरणार नाही. दिवा बाजूला ठेवा, अर्धा चेहरा काळोखात जाऊ द्या.

सारेच लपवले तर गोष्ट कळणार नाही. घाबरणाऱ्या मुलाचा चेहरा दिसायला हवा. त्यासाठी घरातली पांढरी चादर पुरे. 'अपराजितो' या 1956 सालच्या बंगाली चित्रपटासाठी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा उजेड त्या कापडावरून परतवून घेतला. तो खऱ्या आकाशातून आल्यासारखा मऊ दिसला. तुम्हीही दिवा चेहऱ्यावर न रोखता चादरीवर रोखून पाहा.

बाहेरचे दृश्य मध्यरात्री घेऊ नका. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटे आकाशात निळसर उजेड उरतो. तेवढ्या वेळात सोयाबीन काढून मोकळे झालेले शेत आणि एखादी बाभूळ आकाशासमोर काळी, रेखीव दिसते. पडद्यावर ती रात्रच वाटते. मोबाइलची मात्र एक खोड आहे. काळोख त्याला चूक वाटतो, म्हणून तो आपणहून चित्र उजळतो आणि सारे करडे, दाणेदार करून टाकतो. पडद्यावरच्या उजळ जागी बोट थोडा वेळ दाबून धरा आणि मग उजेड कमी करा. एवढे केले तरी निम्मे काम होते.

पडदा हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि तो तुमच्या उर्दूतही आहे. घराच्या दाराशी तो झाकतो, चित्रपटगृहात दाखवतो. भुताच्या गोष्टीत त्याला दोन्ही कामे करावी लागतात.

आता त्या काजळ फासलेल्या म्हातारीविषयी. मला ती आवडत नाही, आणि कारण केवळ कलेचे नाही. गावात एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईवर करणीचा संशय घेणारे लोक अजून आहेत. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचा छळ करणे हा महाराष्ट्रात 2013 सालच्या कायद्याने गुन्हा आहे. तुमच्या ट्रेलरमुळे कोणाला मार बसेल असे मी म्हणत नाही. पण सभागृहात हसलेली लहान मुले घरी जातात, तेव्हा गल्लीच्या टोकाला अशीच एक आजी ओट्यावर बसलेली असते. मुले तिला काय म्हणून हाक मारतील? फकिराचे आणि कब्रस्तानाचेही तसेच आहे. जेथे आपली माणसे दफन आहेत, तेथे दिवे घेऊन हुल्लड करणे मला बरे वाटत नाही. सावलीला नाव नसते, जात नसते, घरही नसते. तिला हवे तेवढे भयंकर करा.

आणखी एक. दिव्यासाठी विजेच्या तारेवर आकडा टाकू नका. मेणबत्ती ओढणीपासून आणि पडद्यापासून दूर ठेवा, आणि चित्रण संपेपर्यंत एखाद्या मोठ्या माणसाला जवळ बसवून घ्या.