नर्स झालेल्या मुलीला बाहेरगावी पाठवावे का? आधी खाटा मोजा, मग किलोमीटर



जीएनएमचा किंवा बीएस्सी नर्सिंगचा निकाल लागला की जुन्या विद्यार्थिनी पेढे घेऊन शाळेत येतात. सोबत वडील असतात. पेढा हातावर ठेवून झाला की ते हळूच विचारतात, "सर, आता हिला पुण्याला पाठवू, का इथंच एखाद्या दवाखान्यात लावू?"

चार वर्षांपूर्वी अशाच एका वडिलांना मी उत्तर दिलं आणि ते चुकलं. म्हणून आज हा लेख लिहितोय.

आमचा तालुका नांदेड जिल्ह्यातला. दहावीला माझ्या वर्गात असलेली ती मुलगी जीएनएम प्रथम श्रेणीत पास झाली होती. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयातून तिला बोलावणं आलं होतं. मी म्हणालो, "एकटी पोर परक्या शहरात कशाला? इथं डोळ्यांसमोर राहील." वडिलांनाही तेच ऐकायचं होतं. ती गावातल्या पंधरा खाटांच्या दवाखान्यात लागली, महिना आठ हजारांवर.

दोन वर्षांनी ती मोबाईल घेऊन शाळेत आली. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदाची, म्हणजे नॉरसेट परीक्षेची जाहिरात होती. नागपूरच्या एम्ससाठीही हीच परीक्षा. जीएनएम झालेल्यांसाठी त्यात एक अट असते : किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव. ती म्हणाली, "सर, आमच्याकडं पंधराच खाटा आहेत." रात्रपाळ्या केल्या, बाळंतपणं सांभाळली, अपघाताचे पेशंट पाहिले, पण त्या अटीच्या हिशेबात तिचा अनुभव शून्य!

सांगा पाहू, त्या दिवशी मी तिला काय उत्तर द्यायला हवं होतं?

माझं मत आता स्पष्ट आहे. नव्या नर्सने पहिली दोन वर्षे जिथे शिकायला मिळेल आणि जिथला अनुभव पुढे धरला जाईल, अशाच ठिकाणी काढावीत. ते ठिकाण जिल्ह्यातच मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर गाव सोडावं. आपण चर्चा करतो ती फक्त अंतराची. किती किलोमीटर, किती तासांचा प्रवास, घरी कधी येता येईल. दवाखान्यात खाटा किती, हे कुणी विचारतच नाही.

छोट्या दवाखान्यात काहीच शिकायला मिळत नाही, असं मी म्हणणार नाही. तिथे सगळं एकटीनं करावं लागतं, त्यामुळे धीटपणा येतो. पण चूक झाली तर दाखवून देणारी अनुभवी सिस्टर शेजारी नसते. कधी केसपेपर काढायचे, कधी बिल करायचं, यातही दिवस जातो. मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग असतो, व्हेंटिलेटर असतो, वॉर्डात इन्चार्ज सिस्टर असते. एकविसाव्या वर्षी हाताला जे वळण लागतं, ते पुढे तीस-पस्तीस वर्षे टिकतं. आपण शिक्षक आहोत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता पगाराचं बोलू. खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर केंद्राने समिती नेमली. २०१६ मध्ये त्या समितीने शिफारस केली की, ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी पगार २०,००० रुपयांहून कमी नसावा आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर तो सरकारी नर्सइतका असावा. ही शिफारसच राहिली, प्रत्यक्षात चित्र काय आहे ते आपण पाहतोच. पण निदान आपली मुलगी किती कमी पैशांत राबते आहे, हे मोजायला एक पट्टी तरी मिळाली.

म्हणून नुसत्या आकड्यावर भुलूही नका. समजा, शहरात १८,००० पगार आहे. खोलीचे ५,०००, जेवणाचे ४,०००, येण्याजाण्याचे आणि वरखर्चाचे ३,०००. हातात राहिले ६,०००. घरी राहून ८,००० मिळतात, तर तोटाच की, असं वडील म्हणतील. हिशेब बरोबर आहे, पण तो फक्त या महिन्याचा आहे. दोन वर्षांनी कोणत्या नोकरीचा अर्ज भरता येईल, हेही त्यात धरा.

तर मग कुठेही पाठवायचं का? मुळीच नाही. होकार देण्याआधी मुलीला सोबत बसवून इतके प्रश्न विचारा :

१. रुग्णालयात खाटा किती? अनुभवाचा दाखला रुग्णालयाच्या लेटरहेडवर, खाटांच्या संख्येसह मिळेल का?
२. रात्रपाळीत एका नर्सकडे किती पेशंट असतात? वरिष्ठ सिस्टर हजर असते का?
३. राहण्याची सोय रुग्णालयाची आहे का? नसेल तर रात्री ड्युटी संपल्यावर खोलीवर जायचं कसं?
४. बाँड आहे का? किती महिन्यांचा? मूळ प्रमाणपत्रे जमा करून घेतात का? मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नका, सत्यप्रती द्या.
५. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आहे का?

आमच्या भागातून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, म्हणून बऱ्याच मुली तिकडे बघतात. जायला हरकत नाही, पण राज्य बदललं की तिथल्या कौन्सिलची नोंदणी करावी लागते. आपल्या कौन्सिलकडून ना हरकत पत्र घेणं आलं. त्यात वेळ जातो, तो धरून चला.

परदेशाचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून पालक जर्मनीचं विचारतात. तिथे पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळायला जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते. ए-१ पासून मोजली तर ती चौथी पायरी. आखाती देशांतही साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणजे परदेशाची वाटसुद्धा आधी इथल्या चांगल्या वॉर्डातूनच जाते.

काही पालक म्हणतात, सरकारी भरती निघेपर्यंत घरी अभ्यास करू दे. माझं ऐकाल तर नको. भरतीची जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो आणि रिकामी गेलेली वर्षे अनुभवात धरली जात नाहीत. नोकरी करत अभ्यास करणं अवघड आहे, पण मुली करतात.

आणि जी भीती आपण उघड बोलत नाही, तिच्याबद्दलही बोलू. "एकटी राहते, रात्रपाळी करते, लग्न कसं जमायचं?" आपल्याच रुग्णालयांत केरळच्या कितीतरी सिस्टर आहेत. त्या कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर येतात, आधी आलेल्या ताईंच्या आधाराने राहतात. हे आपल्याला का जमू नये? दोन-तीन मैत्रिणींना एकाच रुग्णालयात अर्ज करायला सांगा. शाळेतून पूर्वी नर्स झालेल्या मुलींचे नंबर एका वहीत लिहून ठेवा. मी आता अशी वही ठेवली आहे.

गाव सोडणं म्हणजे कायमचं जाणंही नव्हे. अनुभव घेऊन जिल्हा रुग्णालयात परत येता येतं. बीएस्सी झालेल्यांना आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून गावाजवळच काम करता येतं.

माझ्या त्या विद्यार्थिनीने आणखी एक वर्ष वडिलांची समजूत घालण्यात घालवलं. गेल्या जूनमध्ये ती छत्रपती संभाजीनगरला १२० खाटांच्या रुग्णालयात लागली. या वेळी वडील स्वतः खोली बघायला गेले होते. एम्सच्या परीक्षेला सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षांची आहे, ती आज पंचवीसची. पुढच्या जूनमध्ये तिची दोन वर्षे पूर्ण होतील. माझ्या एका सल्ल्यापायी तिची तीन वर्षे गेली. तुमच्याकडे कुणी पेढे घेऊन आलं, तर उत्तर देण्याआधी एवढं एकदा विचारा : "खाटा किती आहेत, बाळा?"