खेकडे दिसले नाहीत, बाभळी मोजून आलो

रविवारी एका तलावाच्या पाळीवर जाऊन आलो. आर्वी-कारंजाच्या पट्ट्यातला लहानसा मातीचा तलाव. खालच्या अंगाला विहीर आहे, त्या विहिरीवरून गावाच्या नळाला पाणी जातं. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की त्या एकाच पाळीवर दोन दिवस माणसं लावतील, फोटो काढतील, आणि बाकीच्या पाळी होत्या तशाच राहतील.

काय पाहिलं ते सांगतो. खालच्या उतारावर मनगटाहून जाड बाभळी. सदतीसपर्यंत मोजल्या आन् सोडून दिलं. पाण्याकडच्या बाजूचं दगडी पिचिंग दोन ठिकाणी पार घसरलेलं, आत उघडी माती दिसते. माथ्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. सांडव्यात मासे वाहून जाऊ नयेत म्हणून आडवी जाळी ठोकलेली. आणि पायथ्याशी, ऐन मे महिन्यात, हिरवंगार गवत. सोबतचे काकाजी म्हणाले, "थे त लय वर्षांपासून झिरपते जी. काही होत नाही."

काकाजींचं अर्धं बरोबर आहे. मातीचं धरण थोडं झिरपतंच. झिरपणारं पाणी नितळ आहे की गढूळ, हे पाहायचं असतं. गढूळ असेल तर पाणी आतली माती घेऊन बाहेर येतंय, म्हणजे भिंत आतून पोकळ होतेय. बाभळीची मुळं त्याला वाट करून देतात. झाड वाळलं की मूळ कुजतं आणि तिथं नळीसारखी पोकळी राहते. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात कशा भेगा पडतात हे वर्धेकराला सांगायला नको. आणि ती जाळी! पहिल्या मोठ्या पुरात पाला, काटक्या, पऱ्हाट्या येऊन जाळीला लागणार, सांडवा तुंबणार, आणि पाणी माथ्यावरून जाणार. दगडी भिंत ते एक वेळ सोसेल. मातीची पाळ एकदा वरून वाहू लागली की तासा-दोन तासांचा खेळ.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे आठवा. 2 जुलै 2019 ची रात्र. वीसेक माणसं गेली, घरंच्या घरं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. आणि तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. अख्खा महाराष्ट्र हसला. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट खटकते. समजा, खेकड्यांनीच पोखरलं. मग बिळं दिसल्यावर ती बुजवायची कोणी?

तर हा "कोणी" शोधायला मी निघालो. नियम असा की 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारा तलाव जिल्हा परिषदेचा, 101 ते 600 हेक्टर मृद व जलसंधारण विभागाचा, त्यापुढे जलसंपदा. कागदावर स्वच्छ आहे. प्रत्यक्षात एका कार्यालयात सांगितलं, तलाव आमच्याकडे हस्तांतरित झाला नाही. दुसऱ्यात सांगितलं, आम्ही केव्हाच देऊन टाकला. ग्रामपंचायत म्हणते, आमची फक्त विहीर आणि पाइपलाइन. म्हणजे पाणी सगळ्यांचं, पाळ कोणाचीच नाही.

कायद्याचं म्हणाल तर 2021 चा धरण सुरक्षा कायदा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी, आपत्कालीन कृती आराखडा, माणसं मेली तर दोन वर्षांपर्यंत कैद, सगळं आहे. पण तो लागू होतो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्यांना. बोर, धाम, निम्न वर्धा यांची चिंता करायला इंजिनिअर आहेत, रोजचा पाणीसाठा पेपरात येतो. नऊ मीटरची पाळ कायद्याच्या हिशेबात धरणच नाही. खालच्या वस्तीला पाण्यानं कायदा विचारून यायचं का?

पैसे नाहीत, हे ऐकून कंटाळा आला. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव टाक्या उभ्या राहिल्या, रस्ते फोडून पाइप टाकले. बरं झालं, नळ पाहिजेच. पण ज्या तलावाच्या जिवावर ती विहीर भरते त्याच्या डागडुजीला कुठल्या हेडखाली पैसे, हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. गाळमुक्त धरणाच्या योजनेत पोकलेन येतात. गाळ काढलाच पाहिजे, शेतालाही चांगला. फक्त कोणी तरी उभं राहून सांगा की पाळीच्या पायथ्याशी खोदू नका. तिथं मला गाळाचे नाही, मुरमाचे खड्डे दिसले. त्याला गाळ काढणं म्हणत नाहीत, पाया उकरणं म्हणतात.

काही मित्र म्हणतील, उगाच घाबरवता. इतकी वर्षं टिकली ना पाळ? टिकली. जुलै 2022 चा पाऊसही पाहिला आपण, हिंगणघाटात घरांत पाणी शिरलेलं पाहिलं. तसा पाऊस या तलावाच्या डोक्यावर पडला नाही, एवढंच.

मृग तोंडावर आहे. सांडव्यातली जाळी काढायला निविदा लागत नाही, अर्धा दिवस आणि चार माणसं लागतात. चाकोऱ्या मुरूम टाकून दाबता येतात. मोठ्या बाभळींचं काम मात्र अभियंत्याला विचारूनच करा. मुळासकट उपटल्या तर पाळीत खड्डा पडेल, आन् ते जास्त वाईट. तुमच्या गावच्या पाळीवर एकदा चालून या. पायथ्याचं पाणी ग्लासात घेऊन पाहा आणि फोटो तारखेसह कमेंटमध्ये टाका.

मी माहिती अधिकारात दोन्ही कार्यालयांना अर्ज दिलाय: गेल्या पाच वर्षांत या पाळीची पाहणी कोणी, कोणत्या तारखेला केली, त्याची प्रत द्या. उत्तर आलं की इथंच टाकतो. नाही आलं तर तेही टाकतो.