खाकी जर्सीतला अर्धा सीझन

स्पोर्ट्स आणि देशभक्तीचं कॉकटेल काही आजचं नाही. 1916-17च्या हिवाळ्यात कॅनडात एका लष्करी बटालियनची टीम थेट प्रोफेशनल आइस हॉकी लीगमध्ये उतरली होती. बटालियन 228वी, मुक्काम टोरांटो आणि लीग नॅशनल हॉकी असोसिएशन, म्हणजे आजच्या एनएचएलच्या आधीची. जर्सीचा रंग अर्थातच खाकी!

पहिलं महायुद्ध तेव्हा ऐन भरात होतं. सॉमच्या लढाईत कॅनडाचे सुमारे 24 हजार जवान मेले किंवा जखमी झाले. स्वखुशीने भरती व्हायला येणाऱ्या पोरांची रांग आटत चालली होती आणि सक्तीची भरती अजून लागू व्हायची होती. अशा वेळी पोरांना खेचायला स्टार खेळाडूंपेक्षा भारी पोस्टर कुठलं?

आणि स्टार खरोखरच होते. 1916 मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनी पहिल्यांदा स्टॅनली कप जिंकला, तेव्हा त्यांचा कॅप्टन होता हॉवर्ड मॅकनमारा आणि निर्णायक गोल मारला होता गोल्डी प्रॉजर्सने. काही महिन्यांत दोघेही खाकीत. टीम खेळलीही झकास. 10 पैकी 6 मॅच जिंकल्या, गोल तब्बल 70, म्हणजे लीगमध्ये सगळ्यात जास्त.

मग फेब्रुवारी 1917 मध्ये बटालियनला परदेशी रवाना व्हायचा हुकूम आला आणि सीझन अर्ध्यावरच संपला. लीगने काय करावं? बटालियनवर नुकसानभरपाईचा दावा ठोकला! तिकिटं खपेपर्यंत देशभक्ती, नंतर वकील. शिवाय एक टीम कमी झाल्यावर वेळापत्रक बसेना, म्हणून मालकांनी टोरांटोची दुसरी टीम, एडी लिव्हिंगस्टोनची ‘ब्लूशर्ट्स’, बाहेर काढून तिचे खेळाडू आपसात वाटून घेतले. लिव्हिंगस्टोन त्यांना आधीपासूनच नकोसा होता. त्याला कायमचं टाळायला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी नवी लीग काढली. तीच एनएचएल.

गंमत पुढे आहे. बटालियन निघायच्या सुमारास एडी ओटमन आणि गॉर्डन मीकिंग हे दोन स्टार लष्करातून मोकळे झाले. आपल्याला फक्त हॉकी खेळण्यासाठी घेतलं होतं, असं त्यांचं म्हणणं. या दोघांना ‘पळपुटे’ म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आपल्याकडे सर्व्हिसेसची टीम रणजी खेळते, त्यात काही खटकत नाही, कारण तिथे मुळात नोकरी असते आणि मग खेळ. इथे उलटं झालं. ओटमन खोटं बोलत नसेल, तर फसवणूक त्याने केली नाही, त्याला गणवेश चढवणाऱ्यांनी केली. आणि फसला कोण? स्टँडमध्ये बसून ‘हे जातायत तर मीही जातो’ म्हणत नाव नोंदवणारा एखादा विशीतला पोरगा. त्याला कुणी सांगितलं असेल का, की यातल्या काहींचं तिकीट फक्त रिंकपर्यंतचं आहे?

बाकीचे मात्र खरंच गेले. बटालियनला युरोपात रेल्वेमार्ग बांधायच्या कामाला जुंपलं. टीममधला आर्ट डंकन पुढे लढाऊ वैमानिक झाला, 11 हवाई विजय आणि मिलिटरी क्रॉस मिळवून परतला. प्रॉजर्सही परत आला आणि एनएचएलमध्ये खेळला. ज्या लीगच्या जन्माला त्याच्याच टीमचं निघून जाणं निमित्त ठरलं होतं, त्याच लीगमध्ये.