जमातीने आईबापांसाठीही बैठक घ्यावी

लहान मुलावर अत्याचार झाल्याची बातमी आली की आपल्या मोहल्ल्यांत दोनच सूर निघतात. ‘भर चौकात फाशी द्या’ नाहीतर ‘आपल्यात असलं काही होत नाही’. दोन्हींमुळे एकही मूल वाचत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कसला ना कसला लैंगिक त्रास सांगितला. त्रास देणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी तोवर कुणाकडे तोंड उघडले नव्हते.

का उघडावे? ग्लास माझ्याकडून फुटला, असे खरे सांगितल्यावर ज्याला चापट बसते, ते मूल याहून मोठी गोष्ट घरात कशी काढेल?

मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा इथल्या कितीतरी घरांत बाप कुवेत-दुबईला, जहाजावर किंवा मच्छीमारीला असतो. घर, शाळा, अरबीची शिकवणी, सासूची औषधे, सगळे एकट्या आईवर. तिचा हात उठतो तो बहुधा थकव्याने. तिला उपदेश नको, सोबत हवी.

माझे काम सॉफ्टवेअरचे, म्हणून लोक मुलाच्या मोबाइलवर लक्ष ठेवणारे ॲप विचारतात. मिळते तसले. पण मूल घाबरलेय हे ॲपला कळत नाही, शेजारी बसणाऱ्याला कळते.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात ४० गरीब वस्त्यांत हे करून पाहिले. किशोरवयीन मुले आणि त्यांचे पालक यांच्या १४ बैठका स्थानिक कार्यकर्त्यांनी घेतल्या. कौतुक कसे करावे, राग आला तर काय करावे, पैशांचा मेळ कसा घालावा, एवढेच विषय. काही महिन्यांनी तपासले तेव्हा मारहाण आणि छळ कमी झाला होता. यात आपल्या जमातीला न जमण्यासारखे काय आहे? जागा आहे, शिकलेल्या मुली आहेत, निवृत्त शिक्षक आहेत.

‘मारल्याशिवाय वळण लागत नाही’ म्हणणाऱ्यांना अक्रा बिन हाबिस यांची हदीस आठवावी. दहा मुलांपैकी एकाचाही मुका घेतला नाही, असे ते म्हणाले, तेव्हा दया न करणाऱ्यावर दया होत नाही, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावले. जुम्याच्या खुतब्यात हा विषय वर्षातून दोनदा तरी यावा.

एक गोष्ट मात्र बैठकीत मिटवायची नाही. लैंगिक अत्याचार कळला की पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. दडवणे हा गुन्हा आहे. ‘इज्जतीचा प्रश्न’ म्हणून घरच्या घरी तोडगा काढणारे बुजुर्गही त्यात येतात. १०९८ हा क्रमांक मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी लिहायला खडूच लागतो.

बाप येणार नाहीत, अशी शंका काढली जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर, माणसे घरी. पहिली बैठक तेव्हाच लावावी, इशाच्या नमाजनंतर. आणि परदेशातल्यांना व्हिडिओ कॉलवर घ्यावे.