जाहीरनाम्याची हुंडी

हुंडीवर रक्कम असते, मुदत असते आणि ती कोणी पटवावयाची त्याचे नावही असते. मुदत भरूनही ती पटली नाही, तर त्या पेढीची पत बाजारात उरत नाही. विरजी वोरांच्या काळापासून सुरतेचा व्यवहार या विश्वासावर चालत आला. राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्याला मात्र ना मुदत, ना धनी. जाहीरनाम्यातील आश्वासने निवडणूक कायद्यान्वये भ्रष्ट आचरण ठरत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी दिला. आश्वासनासाठी पैसा कोठून येणार हे ढोबळमानाने सांगावे, असे निवडणूक आयोगाने पुढे आचारसंहितेत घातले खरे. परंतु वचन न पाळणाऱ्यास शासन कोणतेच नाही.

आपल्याच धंद्याचे खाते उघडून पाहावे. ३० जून २०१७ च्या मध्यरात्री संसदेत वस्तू व सेवा कराचे वर्णन चांगला व सोपा कर असे झाले. कृत्रिम सुतावर १८ टक्के आणि कापडावर ५ टक्के, असा हा सोपेपणा! मधला फरक विणकराच्या खात्यात साठत राहिला आणि तो परत मिळण्याची वाटच नव्हती. जुलैत कापडबाजार कित्येक दिवस बंद राहिला. खानदेशातून येऊन उधना-लिंबायतेत मागांवर राबणाऱ्या कुटुंबांना त्याची झळ आपल्याहून अधिक लागली. निवडणूक तोंडावर येताच ऑक्टोबरात सुताचा दर १२ टक्के झाला, आणि डिसेंबरात शहरातील बाराही जागा सत्तारूढ पक्षाला मिळाल्या. परतावा ऑगस्ट २०१८ पासून सुरू झाला, तोही मागील शिल्लक बुडीत धरून! ती अट २०१९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने रद्द केली, पक्षाने नव्हे. सुतावरील दर ५ टक्क्यांवर येण्यास सप्टेंबर २०२५ उजाडला.

विरोधी पक्षाकडे आशेने पाहावे, तर २०२४ चा अनुभव आहेच. सूचकांनी सह्या आपल्या नसल्याचे सांगितल्याने काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, उरलेल्यांनी माघार घेतली, आणि २२ एप्रिल रोजी भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. ७ मे रोजी गुजरातच्या अन्य २५ मतदारसंघांत मतदान झाले. सुरतेचे सोळा लाखांहून अधिक मतदार घरीच राहिले. नकाराचे बटण दाबण्याचीही संधी मिळाली नाही. लोकसभेसाठी हुंडी दाखविण्याचा पाच वर्षांतील एकुलता दिवसही हातचा गेला.

यात आपला वाटा नाही असे कसे म्हणावे? उमेदवार आला की आपण हार घालतो, चहा देतो, देणगी देतो; लेखी काही मागत नाही. चार आण्यांच्या मालाचीही पावती मागणारे आपण!

२०२७ मध्ये विधानसभेची निवडणूक व्हावयाची आहे. त्या वेळी जो उमेदवार मंडळाच्या सभागृहात येईल, त्याच्यापुढे एकच कागद ठेवावा: कापडावरील कर वाढविण्याचा विचार झाल्यास बाजाराशी आधी बोलणार काय, आणि आमचे म्हणणे सरकारपुढे किती दिवसांत मांडणार. खाली तारीख व सही. जे सही करतील आणि जे करणार नाहीत, अशा दोघांचीही नावे पुढील स्मरणिकेत छापावीत.